ग्वाल्हेरात राहून सर्वधर्म संवादाचं काम करायचंय? मग आधी कॅलेंडर घ्या

आधीच सांगतो, ह्या कामाची जाहिरात ग्वाल्हेरात कधी निघत नाही, आणि घरी बोललात की मी आता हेच करणार तर आई पहिलं विचारणार पगार किती, तर त्याचं खाली सांगतो. पण काम आहे आणि भरपूर आहे, आणि लष्करच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या जुन्या भागातल्या, मराठी माणसाला ते जरा सोपंच जातं.

डिसेंबरात तानसेन समारोहाचं रात्रीचं गाणं ऐकायला सगळे जातात, तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी हजीऱ्याला, म्हणजे तानसेनांची समाधी आहे तिथे, जा. शहनाई होते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, मिलाद (पैगंबरांची स्तुती) होतो, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मजारीवर चादर चढते. आणि कोणी कोणाला पटवत नाही की बाबा आपलं सगळं एकच आहे. हरिकथा हरिकथाच राहते न् मिलाद मिलादच. शिकायचंय ते हेच. "सब धर्म एक हैं" हे वाक्य तर मीटिंगमधे वापरूच नका, धार्मिक माणूस त्याने चिडतो, आणि मला विचाराल तर बरोबरच चिडतो. मतभेद राहू द्यावेत, ते मांडायची रीत तेवढी शिकवावी. आपल्याकडे एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिलाय त्यातसुद्धा दोघं आधी एकमेकांचं यथेच्छ काढतात आणि मगच गळाभेट होते.

मग गाव फिरून घ्या. गोरखीत, म्हणजे शिंद्यांच्या जुन्या वाड्यात, सूफी संत मन्सूरशाह बाबांचं स्थान, ते महादजी शिंद्यांचे गुरू, उर्स अजूनही शिंदे घराणं करतं. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा, गुरु हरगोबिंदांनी स्वतःबरोबर ५२ राजांना कैदेतून सोडवलं ती जागा. गोपाचलचे, म्हणजे किल्ल्याच्या डोंगरात कोरलेले, जैन तीर्थंकर. सगळीकडे फोटो काढून परत येऊ नका, तिथल्या माणसाशी बोला, नंबर घ्या. आणि स्वतःचं पण थोडं वाचून ठेवा बरं का, कारण पाचव्या मिनिटाला समोरचा विचारणारच की तुमच्यात गणपती बुडवतात का, आणि तेव्हा आपण ततपप करतो.

आता खरं काम, म्हणजे कॅलेंडर. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून त्यांचे सण दरवर्षी १०-११ दिवस आधी सरकतात, आपलं पंचांग अधिक मासाने परत जागेवर येतं, त्यामुळे काही वर्षं अशी येतात की मिरवणुका एकमेकींवर येऊन पडतात. २०२३ ला २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस स्वतःहून २९ तारखेला नेला. २०२५ ला १४ मार्चला धुळवड आणि तोच रमजानातला जुम्मा. हे काही अचानक येत नाही, वर्षभर आधी दिसतं, तारीख चंद्रामुळे फार तर एक दिवस इकडेतिकडे होते. तर जानेवारीत बसून पुढच्या सणांच्या तारखा एका कागदावर मांडा, कुठे टक्कर दिसली की दोन-तीन महिने आधी दोन्हीकडच्या लोकांना भेटा, नुसत्या अध्यक्षांना नाही, डीजेवाला, मंडपवाला, ताजिया बनवणारे, ढोलवाली पोरं, यांना. कोणत्या मशिदीसमोरून किती वाजता जायचं, नमाजची वेळ काय, कोणत्या कोपऱ्यावर आवाज बंद, एवढंच ठरवायचं असतं आणि एवढ्यावरूनच भांडणं होतात. सणाआधी पोलीस ठाण्यावर शांती समितीची बैठक होते, तिथे टीआय साहेबांना (ठाण्याच्या इन्स्पेक्टरांना) भेटून नाव द्या, पण बैठकीच्या दिवशी पहिल्यांदा कोणाला भेटत असाल तर उशीर झालाय असं समजा.

भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती, नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या बसवल्या, आणि १९९२-९३ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कमिटीतली माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती, हे त्यातलं मुख्य.

बैठक तुम्ही बोलावणार असाल तर वेळ बघा. शुक्रवारी दुपारी नको, रविवारी सकाळी ख्रिश्चन मंडळी चर्चमधे असतात, संध्याकाळी ठेवलीत आणि जेवण दिलंत तर बरेच जैन लोक सूर्यास्तानंतर खात नाहीत. खाणं शाकाहारी, कांदा-लसूण एका बाजूला. दहा-बारा माणसं पुरेत. विषय ग्रंथांपासून सुरू करू नका, लग्नात काय करता, माणूस गेला की घरी काय करता, इथून करा, बायका असतील तर गप्पा आपोआप पुढे जातात (आणि बायकांना बोलवायचं विसरतातच सगळे, मग सात पुरुष दिवा लावतानाचा फोटो पेपरात येतो, असल्या कार्यक्रमांचा उपयोग मला तरी शून्य वाटतो).

व्हॉट्सॲपवर काही भडकाऊ आलं तर उत्तर द्यायच्या आधी त्या मोहल्ल्यातल्या दोन माणसांना फोन करा, फोटो गूगलवर उलटा शोधून बघा, बहुतेकदा जुना किंवा दुसऱ्याच गावचा निघतो. "हे खोटं आहे" असं लिहून तोच व्हिडिओ परत टाकू नका. धर्मावरून वैर पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, पूर्वीचं १५३ अ, हे ग्रुप ॲडमिनला प्रेमाने सांगून ठेवा.

आता पगार. शिकायचं असेल तर बनारसला बीएचयूत मालवीय शांती संशोधन केंद्र आहे, दिल्लीत जामियात नेल्सन मंडेला सेंटर, हैदराबादला हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट. काइसिड (KAICIID) म्हणून धर्मसंवादाचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे ती फेलोशिप देते. पण सुरुवातीला शिक्षकी, वकिली, पत्रकारी, जे काही असेल ते सोडू नका. पैसा येतो तो ट्रेनिंग घेण्याचा, भाषांतराचा, रिपोर्ट लिहिण्याचा, आणि मराठी-हिंदी-उर्दू तिन्ही येत असेल तर तुम्हाला मागणी आहे. संस्था काढायची तर मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी होते, बाहेरच्या देशाचा एक रुपया पण एफसीआरए शिवाय, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय, घ्यायचा नाही. पक्षवाल्यांचा तर देशी पण नको, एकदा त्यांचा बॅनर मागे लागला की अर्धा मोहल्ला तुमच्याशी बोलणं बंद करतो.

सोसायटीच्या भानगडीत पडायचं नसेल तर युनायटेड रिलिजन्स इनिशिएटिव्ह ह्या जगभरच्या सर्वधर्मीय जाळ्याशी जोडलेला छोटा गट करता येतो, किमान ७ माणसं आणि ३ वेगवेगळ्या परंपरांतली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा युनोचा सर्वधर्म सद्भाव सप्ताह असतो, पहिला कार्यक्रम तेव्हा ठेवलात तर कलेक्टरेटला पत्र देताना कारण शोधावं लागत नाही, फक्त हॉल नोव्हेंबरातच बुक करा, लग्नसराईत महाराज बाड्याच्या (शहरातला मुख्य चौक) आसपास काही मिळत नाही.