मॅमोग्राफीची पहिली फिल्म जपून का ठेवावी आणि पुढच्या कशा काढाव्यात

मॅमोग्राम वाचणारा रेडिओलॉजिस्ट आजची प्रतिमा पडद्यावर उघडतो, तेव्हा जुनी प्रतिमा हाताशी असेल तर ती तो शेजारीच लावतो. समजा, उजव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात पाच-सहा मिलिमीटरचा एक फिकट पांढरा ठिपका दिसतो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या प्रतिमेतही तो तिथेच आणि तेवढाच असेल, तर बहुधा त्याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. मात्र जुन्या प्रतिमेत त्या जागी काहीच नसेल, तर तोच ठिपका पुढच्या तपासणीला पात्र ठरतो. आजची प्रतिमा दोन्ही वेळा सारखीच आहे. तिचा अर्थ जुन्या प्रतिमेने ठरवला. मॅमोग्राफी नियमित करावी असे डॉक्टर सांगतात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे आणि माझ्या मते लोकांपर्यंत सर्वांत कमी पोहोचलेलेही हेच आहे.

दुसरे कारण सर्वांना ठाऊक असते, तरी ते नेमकेपणाने समजून घ्यावे. मॅमोग्राफी म्हणजे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी काढलेली स्तनाची प्रतिमा. हाताला लागण्याइतकी मोठी होण्याआधीच गाठ तिच्यात दिसू शकते. काही वेळा तर गाठ नसतेच. दिसतात ते फक्त चिमूटभर मीठ सांडावे तसे कॅल्शियमचे बारीक कण. असे कण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण ते एका जागी दाटीने किंवा नलिकेच्या रेषेत ओळीने आलेले असले, तर दुग्धनलिकेच्या आतच असलेल्या, बाहेर न पसरलेल्या कर्करोगाची ती खूण असू शकते. या टप्प्यावर रोग सापडला तर संपूर्ण स्तन काढण्याऐवजी केवळ तेवढा भाग काढून भागण्याची शक्यता वाढते आणि केमोथेरपी टळण्याचीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा ५० ते ६९ वयोगटात तपासणीला प्रत्यक्ष हजर राहणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो असा अंदाज मांडला.

तपासणी कोणत्या वयात सुरू करावी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी तपासणीची शिफारस केली. ब्रिटनमध्ये साधारण ५० व्या वर्षापासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावले जाते. हा फरक पडतो कारण तरुण वयात स्तनाच्या ऊती अधिक दाट असतात, प्रतिमा वाचणे अवघड जाते आणि खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतात. आपल्या डॉक्टरांशी बोलून एक वेळापत्रक ठरवावे आणि मग ते पाळावे. उत्तम वेळापत्रकाच्या शोधात पाच वर्षे घालवण्यापेक्षा ते कधीही श्रेयस्कर. आई, बहीण किंवा मुलीला हा आजार झालेला असेल, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष आढळला असेल किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशनचे उपचार झाले असतील, तर मात्र हे सर्वसाधारण वेळापत्रक लागू होत नाही. अशा स्त्रियांना तपासणी लवकर सुरू करण्याचा आणि मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय करण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. याउलट, ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण ज्यांना हा कर्करोग होतो त्यांतील बहुसंख्य स्त्रियांच्या जवळच्या नात्यात तो झालेला नसतो.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीने ती संपल्यानंतरच्या आठवड्यातील तारीख घ्यावी; पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड आणि दुखरे असतात. तपासणीच्या दिवशी काखेत किंवा छातीवर डिओडरंट, पावडर, क्रीम काहीही लावू नये, कारण त्यातील धातूचे कण प्रतिमेत नेमके त्या संशयास्पद कॅल्शियमसारखे दिसतात आणि नाहक दुसरी फेरी होते. कंबरेपर्यंतचे कपडे उतरवावे लागत असल्याने दोन भागांचा पोशाख सोयीचा. गरोदर असल्याची शक्यता, अंगावर पाजणे चालू असणे, स्तनात इम्प्लांट असणे किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असणे, हे तंत्रज्ञाला सुरुवातीलाच सांगावे.

भीती असते ती दाबाची. स्तन एका सपाट तबकावर ठेवला जातो आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी हळूहळू खाली येते. मग तंत्रज्ञ खांदा सैल सोडायला आणि क्षणभर श्वास रोखायला सांगते. प्रत्येक स्तनाच्या दोन, एक वरून आणि एक तिरकस, अशा साधारण चार प्रतिमा निघतात आणि प्रत्येक वेळी दाब काही सेकंदच टिकतो. काहींना तो नुसता अवघडल्यासारखा वाटतो, तर काहींना चांगलाच दुखतो. दुखत असेल तर तसे सांगावे. हा दाब मात्र निरर्थक नाही. एकावर एक आलेल्या ऊती त्यामुळे पसरतात, त्यांच्या आड लपलेली छोटी गाठ उघडी पडते, प्रतिमा हलत नाही आणि क्ष-किरणही कमी लागतात. चारही प्रतिमांचे मिळून रेडिएशन सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असते, म्हणजे निसर्गातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत आपसूक मिळते तेवढे.

अहवालात शेवटी बायरॅड्स नावाचा एक आकडा असतो आणि घरी सर्वाधिक घबराट त्यातल्या शून्याने होते. शून्य म्हणजे माहिती अपुरी आहे, आणखी काही प्रतिमा, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म हव्यात. एक आणि दोन म्हणजे काळजीचे काही नाही. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ही सहा महिन्यांची तारीख ‘बहुधा निरुपद्रवी’ या शब्दांच्या भरवशावर हमखास विसरली जाते, म्हणून ती त्याच दिवशी ठरवून टाकावी. चार आणि पाच आले तर बायोप्सी करून, म्हणजे ऊतीचा छोटा तुकडा काढून तपासून, निदान पक्के करतात आणि सहा हा आकडा निदान आधीच झालेल्यांसाठी असतो. अमेरिकेतील अनुभव असा की, तपासणी केलेल्या शंभर जणींपैकी सुमारे दहा जणींना पुन्हा बोलावले जाते आणि त्यांतून कर्करोग निघतो तो एकीपेक्षाही कमी जणींना. पुन्हा बोलावणे आले म्हणून हातपाय गाळू नयेत, मात्र जाणे लांबवूही नये.

मॅमोग्राफीच्या मर्यादा लपवून तिचा प्रचार करणे मला पटत नाही. साधारण आठांपैकी एक कर्करोग तिच्यातून निसटतो. अहवालात स्तन दाट असल्याचा उल्लेख असेल तर ही शक्यता आणखी वाढते, कारण दाट ऊती आणि गाठ दोन्ही पांढरीच दिसतात. अशा वेळी सोनोग्राफीची जोड हवी का, हे डॉक्टरांना विचारावे. दुसरी मर्यादा उलट दिशेची आहे. काही कर्करोग इतके मंद असतात की ते कधीच त्रास देणार नव्हते, तरी सापडल्यावर त्यांच्यावर उपचार होतातच. ब्रिटनमधील २०१२ च्या स्वतंत्र आढाव्यानुसार, ५० व्या वर्षापासून २० वर्षे दहा हजार स्त्रियांना बोलावल्यास ४३ मृत्यू टळतात, तर १२९ जणींमध्ये असा अनावश्यक शोध लागतो. हे आकडे समोर ठेवूनही नियमित तपासणीचे पारडे मला जड वाटते, पण निर्णय प्रत्येकीने स्वतः समजून-उमजून घ्यावा.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात स्तनात किंवा काखेत गाठ लागली, त्वचेला खळी पडली, ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. मागचा अहवाल स्वच्छ होता हे अशा वेळी पुरेसे उत्तर नाही.

शक्य असेल तोवर प्रत्येक वेळी एकाच केंद्रात जावे. केंद्र बदलावे लागलेच, तर अहवालाच्या कागदाबरोबर मूळ फिल्म किंवा सीडीही मागून घ्यावी, कारण रेडिओलॉजिस्टला तुलनेसाठी शब्दांपेक्षा प्रतिमा लागते. सगळ्या सीडी आणि अहवाल एकाच लिफाफ्यात ठेवावेत. लिफाफ्यावर प्रत्येक तपासणीची तारीख, केंद्राचे नाव आणि अहवालातील आकडा लिहावा आणि त्याखाली पुढच्या तपासणीचा महिना.