ड्रम सँडर घेण्याआधी आणि बटण दाबण्याआधी

ड्रम सँडर म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपर गुंडाळलेलं, सरकत्या पट्ट्यावरून ड्रमखाली जाणारी फळी घासून सपाट करणारं मशीन. ते घ्यायला दुकानात पाऊल टाकण्याआधी आपण केलेली सगळ्यात रुंद फळी टेपने मोजून ठेवा. एका बाजूने उघड्या मशीनवर ‘16-32’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ड्रम 16 इंची, आणि फळीचं तोंड फिरवून दोन फेऱ्यांत 32 इंचांपर्यंतची रुंदी घासता येते. पण ड्रमचं उघडं टोक केसभर जरी खाली असलं तरी फळीच्या मधोमध रेघ उमटते. जेवणाची टेबलंच जास्त करत असाल, तर थोडं महाग पडलं तरी दोन्ही टोकांना आधार असलेलं मशीन घ्या. आणि हे थिकनेसरचं, म्हणजे पात्यांनी फळीची जाडी उतरवणाऱ्या मशीनचं, काम करेल ही आशा मनातून काढून टाका. 80 नंबरच्या कागदाने (नंबर वाढला की कागद बारीक) एका फेरीत फार तर पाव मिलिमीटर, 120 ने त्याच्याही निम्मं. लोभाने जास्त खाली घेतलं की लाकूड जळतं, कागद फुकट जातो.

भुसा ओढणाऱ्या ब्लोअरची सोय नसेल तर मशीन आणूच नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो. चार इंची पाइप हवा, घरगुती व्हॅक्यूम इथे पुरत नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. तरी आपल्याकडचे कारागीर अजून नाकाला पंचा बांधून दिवसभर सागाची धूळ खातात. ब्लोअर असला तरी एन-95 मास्क लावाच. मशीन आणि ब्लोअर एकाच वेळी चालतात, म्हणून वायरमनकडून दोन वेगळ्या लाइनी ओढून घ्या.

आता लाकूड. जुन्या वाड्यांचं सागवान आमच्याकडे बरंच येतं आणि मला ते फार आवडतं, पण त्यात खिळे असतात. एकदा तुळईतून काढलेल्या फळीत मुंडकं तुटलेला खिळा राहिला. वरून फक्त मुगाएवढा काळा डाग दिसत होता. चर्र आवाज झाला, कागद टरकन फाटला, आम्ही मशीन बंद करून कागद बदलायला बसलो. दहा मिनिटांनी भुशाच्या पिशवीतून जळका वास आला. पिशवी अंगणात नेऊन पाणी ओतलं, तर आत मूठभर भुसा लाल झालेला. तेव्हापासून जुन्या फळीवर मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय ती पट्ट्यावर चढत नाही. काळा डाग दिसला की टोच्याने टोचून बघतो, आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करून भुसा शेडबाहेर ठेवतो.

जोडाच्या फळीवर वाळलेल्या फेविकॉलचे थेंब पटाशीने आधी खरवडून टाका. ते गरम होऊन कागदाला चिकटतात, मग पुढच्या प्रत्येक फळीवर त्याच जागी जळका पट्टा येतो. सागाच्या तेलानेही कागद भरतो. कागद साफ करायची रबराची वडी हाताशी असू द्या, आणि जागा असेल तर फळी थोडी तिरकी घाला.

कागद गुंडाळताना कडेला कड भिडू द्या, एकावर एक चढू देऊ नका. नव्या पट्टीचं टोक कापायला जुनी पट्टी वर ठेवून आखा. दोन-तीन फेऱ्यांनी कागद ताणतो, तेव्हा प्लग काढून पुन्हा आवळा. नंबर उड्या मारत बदलू नका: 80, 120, 150. शेवटी ऑर्बिटल सँडर (हातात धरून गोल-गोल घासायचं छोटं मशीन) फिरवावाच लागतो, नाहीतर पॉलिश चढल्यावर ड्रमच्या सरळ रेघा उठून दिसतात.

फळी पट्ट्यावर दाबून धरणाऱ्या दोन दाबरोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा घालू नका. हातमोजे, अंगठी, सैल बाही नको. फळी ज्या रेषेत सरकते त्या रेषेत उभं राहू नका, एका बाजूला थांबा.

कामाची फळी लावण्याआधी एकसारख्या जाडीच्या दोन टाकाऊ पट्ट्या ड्रमच्या दोन्ही टोकांखालून एकत्र काढा आणि व्हर्नियरने (जाडी बारकाईने मोजायच्या मापकाने) मोजा. फरक निघाला तर ड्रमची पातळी जुळवा. मग आंब्याची एखादी रद्दी फळी घेऊन तिच्यावर पेन्सिलने नागमोडी रेघा मारा. मशीन बंद असताना ड्रम हाताने फिरवत, फळीच्या सगळ्यात उंच जागी कागद जेमतेम टेकेपर्यंत खाली आणा, आणि मगच बटण दाबा. चार-पाच फेऱ्यांत रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या, की सागाची फळी उचला.