कॅम्परमधला फ्रिज रात्री बंद पडायचा, त्यावरचा माझा उपाय

कोल्हापूरहून दाजीपूरला गेलो की आमची कॅम्पर (राहायची सोय असलेली गाडी) अभयारण्याबाहेर, ओळखीच्या काकांच्या अंगणात लागते. पहाटे गवे पाहायला निघायचं, तर रात्रीतच १२ व्होल्टचा फ्रिज बंद! सगळे म्हणाले, बॅटरी बदल. पण बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी भरलेली होती. मग फ्रिज चालू ठेवून त्याच्या सॉकेटवर मोजलं, तिथे जेमतेम ११.६. म्हणजे एक व्होल्ट वाटेतच जात होता. कंपनीची वायर बारीक, १.५ चौरस मिमीची, त्यात सिगारेट लायटरचं ढिलं सॉकेट. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट वाढतो, व्होल्टेज आणखी खाली येतं आणि फ्रिज बॅटरी वाचवायला स्वतःला बंद करतो.

उद्यमनगरातून ६ चौरस मिमीची तांब्याची वायर आणली. अर्थिंगसाठी, म्हणजे मायनससाठी, गाडीच्या बॉडीवर विसंबलो नाही, प्लस-मायनस दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेल्या. प्लसवर बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज. तो हवाच, वायर घासली तर आग लागू शकते. लायटर सॉकेट काढून घट्ट बसणारा कनेक्टर लावला. आता फ्रिजपाशी १२.४ मिळतात. मोजताना फ्रिज चालूच ठेवा, बंद असताना हा दोष दिसत नाही.