गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या पोराला बैठका मारायला लावू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अकरा-बारा वर्षांचं पोर गुडघा धरून बसलं की घरचं उत्तर ठरलेलं असतं: 'वाढीचं वय हाय, दुखायचंच.' वाढीचं दुखणं असतं, पण ते बहुधा दोन्ही पायांत, रात्री, पिंढऱ्या-मांड्यांत उठतं आणि सकाळी पोर पुन्हा हुंदडायला मोकळं. एकाच गुडघ्यात, खेळल्यावर वाढणारं, लंगडायला लावणारं दुखणं वेगळं.

अशा वेळी ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसिकन्सची शंका घ्यावी. यात कूर्चेखालच्या, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाखालच्या, हाडाचा छोटा तुकडा कमजोर होतो. भिंत आतून ठिसूळ झाली की वरचा गिलावाही सुटतो, तसं. कबड्डी, खो-खो, तालमीतल्या बैठका असा तोच तोच ताण त्याला भर घालतो. 'व्यायामानं सुटेल' म्हणून आणखी बैठका मारायला लावणं आणि चोळून घेणं, दोन्ही बंद.

एक्स-रेत काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ही जागा बऱ्याचदा मांडीच्या हाडाच्या टोकाला, आतल्या बाजूला, जरा मागं असते. सरळ पायाच्या फोटोत ती निसटते. गुडघा वाकवून काढलेला 'टनेल व्ह्यू' डॉक्टरांकडं मागा. तुकडा घट्ट आहे की सुटायला आलाय, हे एमआरआयवर कळतं. दुसऱ्या गुडघ्यातही हाच आजार असू शकतो. खुब्याचं दुखणंही गुडघ्यात जाणवतं, तेव्हा खुबा तपासल्याशिवाय उठू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र उपचार सुरू झाल्यावर होते. वाढीची पट्टी (हाड जिथून लांब होतं तो भाग) उघडी असेल आणि तुकडा घट्ट असेल, तर पुष्कळ मुलांचं हाड ऑपरेशनशिवाय भरून येतं. खेळ बंद, गरजेप्रमाणे ब्रेस किंवा कुबड्या, आणि सहा महिने ते वर्षभर धीर. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. तेवढ्यात गावच्या जत्रेतल्या कुस्त्या येतात, 'आता बरा हाय की' म्हणून पोराला आखाड्यात उतरवतात. तुकडा सुटतो तो इथंच. परवानगी एक्स-रे देतो, पोराचा उत्साह नव्हे. (आणि मामाचा तर नाहीच.)

महिनोन्‌महिने फरक नसेल, तर दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे रक्त येऊन हाड भरतं. सैल तुकडा स्क्रूनं किंवा विरघळणाऱ्या पिननं बसवतात. बसवता येण्यासारखा नसेल तर काढून जागा भरतात, पण मूळची कूर्चा वाचवणं कधीही बरं. गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर थांबू नका. ताप आणि सूज असेल, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री झोपमोड करणारं दुखणंही लांबणीवर टाकू नका.

मिरज-कोल्हापूरला जायचा बेत असेल तर कर्नाटकचं आरोग्य कार्ड तिथं चालेल असं धरून निघू नका. आधी त्या हॉस्पिटलला फोन करा. जुने एक्स-रे मात्र सगळे पिशवीत घ्या. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवूनच हाड भरतंय का ते कळतं.