जुन्या दगडी भिंतीच्या दरजा चुन्याने भरताना

इंग्लंड-वेल्समधल्या १९१९ पूर्वीच्या बहुतेक भिंती भरीव असतात. त्यांतली ओल दरजांमधल्या चुन्यावाटे बाहेर पडते. तिथे सिमेंट भरलं की ओल दगडात अडकते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून सिमेंट नकोच.

सुटलेला चुना छिन्नी-हातोडीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी खोल काढा. ग्राइंडर नको, दगडाच्या कडा कापल्या जातात. धूळ झाडा, दरज भिजवा. चुना १ भाग, धुतलेली जाडसर वाळू ३ भाग. पाणी जास्त झालं तर चुना आक्रसून तडे जातात. घट्टच कालवा, दाबून भरा. जरा आवळला की ताठ ब्रशने ठोका आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा. इमारत संरक्षित यादीत असल्यास आधी स्थानिक नियोजन विभागाला विचारा.