प्राणिसंग्रहालयात अंधारात काढलेल्या फोटोंवर इफेक्ट मारताना या चुका टाळा

डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला आपल्या संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघापुढं उभं राहिलात तर कळेल मी काय म्हणतोय ते. ऊन झाडामागं गेलेलं, वाघ नेमका सावलीच्या कोपऱ्यात, आणि हातात कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट झूम लेन्स, जिचं ॲपर्चर म्हणजे उजेड आत यायचं भोक २५० एमएमला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड वाढवून दाखवायची सेटिंग, ६४०० ला न्यावी लागते आणि घरी येऊन मोठं करून बघावं तर पांढऱ्या अंगावर जांभळे हिरवे ठिपकेच ठिपके. असे फोटो लोक एकतर डिलीट करतात नाहीतर हाताला येईल तो इफेक्ट मारून ग्रुपवर टाकायलेत. दोन्ही नका करू, यातले बरेच फोटो वाचतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इफेक्टनं नॉइज, म्हणजे हे ठिपके आणि दाणे, झाकला जाईल असं समजणं. ऑइल पेंटसारखा फिल्टर आजूबाजूचे पिक्सेल बघून रंगाचे फटकारे ओढतो, त्याला केस कुठला आणि नॉइजचा दाणा कुठला हे कळत नाही, तो दाण्याचाही फटकारा करतो. माझ्या पहिल्या फोटोत वाघाच्या गालावर अळ्या वळवळतायत असंच दिसत होतं. म्हणून आधी नॉइज काढा, मग इफेक्ट. लाइटरूम या एडिटिंगच्या ॲपमध्ये रॉ फाइलला (कॅमेऱ्यातली न दाबलेली मूळ फाइल) कलर नॉइजचा स्लायडर आपोआप २५ वर असतो, रंगीत ठिपके बहुतेक वेळा तेवढ्यानंच जातात. ल्युमिनन्स, म्हणजे उजेड-अंधाराचे दाणे काढणारा स्लायडर, मात्र जपून वाढवा, फोटो १०० टक्के झूम करून मिशांवर नजर ठेवा आणि मिशी पुसट व्हायला लागली की थांबा. मी एकदा ८० पर्यंत ओढला होता, पट्ट्यांच्या कडा विरघळल्या, मिशा गायब, वाघ मेणाचा झाला.

फोनवर स्नॅपसीड हे एडिटिंगचं ॲप वापरत असाल तर त्यातल्या ड्रामा आणि एचडीआर स्केप या फिल्टरपासून लांब रहा, दोन्हीत अंधारातला नॉइज उसळून वर येतो. डिटेल्समध्ये स्ट्रक्चर उलट मायनसकडं न्या, थोडं मऊ होतं, मग पुढचं काय ते करा.

फोटो काळा पडलाय म्हणून नंतर एडिटिंगमध्ये उजळणं, हीपण नेहमीची चूक. आयएसओ वाढायची भीती वाटते म्हणून लोक १६०० वर काढतात आणि घरी येऊन दोन स्टॉप ओढतात, म्हणजे उजेड चौपट करतात, तेव्हा सावलीतली सगळी घाण वर येते. त्यापेक्षा ६४०० वर नीट उजेडाचा फोटो जास्त वेळा साफ निघतो.

रंग हाताला लागतच नसेल तर ब्लॅक अँड व्हाइट करा, हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे. रंगीत ठिपक्यांचा रंगच निघून गेला की उरतात ते फक्त उजेड-अंधाराचे दाणे, आणि असे दाणे डोळ्याला जुन्या फिल्मसारखे वाटतात, कोडॅकची ट्राय-एक्स ही ३५ एमएमची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म १९५४ पासून तशीच दिसत आलीय. नॉइज काढल्यावर वाघ एकदम गुळगुळीत आणि मागचा दगड दाणेदार असं विचित्र झालं असेल तर वरून सगळीकडं सारखा थोडा ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका, फोटो एकजीव होतो.

स्केचचा इफेक्ट मारला की पिंजऱ्याची जाळी वाघापेक्षा ठळक दिसते, ही तक्रार लई ऐकतो. बरोबरच आहे, स्केच कडा शोधतो आणि फोटोत सगळ्यात कडक कडा जाळीचीच असते. हे नंतर सुधारत नाही, तिथंच बघावं लागतं: कठड्याच्या अलीकडंच राहून, झूम पूर्ण करून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून प्राणी जाळीपासून मागं जाईपर्यंत थांबायचं, म्हणजे जाळी धूसर होते. फ्लॅश तर नकोच, जाळीवर उजेड परततो आणि जनावराला त्रास होतो तो वेगळाच.

इफेक्ट निवडताना फोटोत काय शिल्लक आहे ते बघा. अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यातले हत्ती आठवा, रंग कितीतरी उडालाय तरी सोंडेच्या आणि पाठीच्या रेषेवरून हत्ती लगेच ओळखू येतो. तुमच्या फोटोत अशी स्वच्छ बाह्यरेषा असेल तर पेंटिंगचा इफेक्ट शोभतो. रेषा नाही पण डोळा शार्प आहे, तर चेहऱ्यापुरता क्रॉप करा आणि डोळ्यांवर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथला इफेक्ट काढून टाका. डोळ्यावर फटकारे आले की प्राण्यातला जीव जातो हो. आणि शटर १/६० वर हात हलून डोळाच फाटलाय तर तो फोटो सोडून द्या, त्याला कुठलाच इफेक्ट वाचवत नाही.

एवढं सगळं करून व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि बारीक ग्रेनचे चौकोनी डाग होतात, त्यामुळं डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझा तो पांढरा वाघ शेवटी ब्लॅक अँड व्हाइटमध्येच राहिला, ल्युमिनन्स ३०, वरून थोडा ग्रेन, मिशा सगळ्या जागेवर.