सिरॉसिसच्या रुग्णाचा गोंधळ: घरच्यांनी या चुका टाळाव्यात

डिचोलीचे माझे काका सिरॉसिसचे, म्हणजे यकृत कठीण होऊन खराब होत जाण्याच्या आजाराचे रुग्ण. ते दिवसा पेंगू लागले, रात्री टक्क जागे राहू लागले आणि एके सकाळी त्यांना सदऱ्याची बटणेही लावता येईनात, तेव्हा ‘पुन्हा घेतली असणार’ असे समजून आम्ही त्यांच्यावरच चिडलो. ही आमची सर्वांत मोठी चूक. आतड्यांत तयार होणारा अमोनिया खराब झालेले यकृत नीट निकामी करू शकत नाही. तो रक्तावाटे मेंदूपर्यंत जातो आणि माणसाचे भान हरपू लागते. याला हिपॅटिक एन्सेफलोपथी म्हणतात आणि दारूला कधी न शिवलेल्या सिरॉसिसच्या रुग्णालाही ती होते. शंका आल्यास दोन्ही हात पुढे करून मनगटे वर वळवायला सांगावे. पंजे पंखांसारखे फडफडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुसरी चूक औषधाची. शौचावाटे अमोनिया बाहेर काढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लॅक्टुलोज या औषधाने जुलाब होतात म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात. वास्तविक दिवसाला दोन-तीन मऊ शौच होणे हाच त्याचा हेतू असतो. मात्र पाण्यासारखे जुलाब होऊ लागले, तर शरीरातील पाणी घटून गोंधळ उलट वाढतो, म्हणून मात्रा डॉक्टरांना विचारून कमी करावी. झोप येत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये.

अशा रुग्णाच्या जेवणातली प्रथिने बंद करावीत ही जुनी समजूत अजून घराघरांत आहे आणि तिचे मला फार वाईट वाटते, कारण स्नायूही अमोनिया निकामी करतात आणि रुग्णाला उपाशी ठेवले की तेच झिजतात. वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. आम्ही काकांना पेजेबरोबर मुगाची उसळ, दही, कधी ताजी मासळी देऊ लागलो; रात्री झोपण्यापूर्वीही थोडे खाणे ठेवले. सुके बांगडे आणि खारवलेली मासळी मात्र मिठामुळे वर्ज्य, आणि कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कालव जंतुसंसर्गाच्या भीतीने.

बद्धकोष्ठता, ताप, पोटातील संसर्ग, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक यांपैकी काहीही हा झटका आणू शकते. काळे शौच, रक्ताची उलटी किंवा हाक मारूनही न उठणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) किंवा जवळचे मोठे इस्पितळ गाठावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा औषध घालू नये.